न हललेला काटा

चाचा, तुम्ही गेलात त्याच्या नऊ दिवस आधी आपलं भांडण झालं आणि त्यात मी जिंकले. तुम्ही जिना उतरून गेलात, मी सही केली, टाइल्सवाल्याने भिंत बंद केली. आता ते भांडण हरायला मी एका पायावर तयार आहे, तर समोर कोणी नाही.

तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. रविवार आहे, सुट्टी आहे. यवतमाळातल्या या भाड्याच्या खोलीत मी टेबलाशी बसते, उठते, माठातलं पाणी पिते, परत बसते. टेबलावर एक छापील फॉर्म आहे. दारव्हा रोडवरच्या त्या नव्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावरची तयार भिंत आम्ही परवा फोडली. ती का फोडली, हे मला उद्या सकाळी साहेबांना लिहून द्यायचं आहे. फॉर्मात 'दोषाचे कारण' असा एक रकाना आहे आणि त्याखाली 'जबाबदार व्यक्ती' असा दुसरा. साहेबांचं म्हणणं, दुसऱ्या रकान्यात तुमचं नाव टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पेनाचं टोपण मी सकाळपासून कितीदा काढलं आणि लावलं, कोण जाणे.

दिवाळीनंतर मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या तांड्यात कोणाला कळेना की मी नेमकी कसली इंजिनीअर. बिल्डिंग सर्व्हिसेस म्हणजे काय, हे मी बापूंना दोन वेळा समजावलं. इमारतीतलं पाणी, सांडपाणी, हवा, वीज, आग विझवायच्या लाइनी, हे सगळं भिंतीआड नीट चालतं की नाही ते बघणं. त्यांनी मान हलवली आणि बोरी अरबच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं, पोरगी नळाची इंजिनीअर झाली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये मी पहिल्या दिवशी आले ती इस्त्रीच्या कपड्यांत, लॅपटॉप घेऊन. तुम्ही खाली बसून जुन्या टेस्ट पंपाचं वायसर बदलत होतात. गावंडेसाहेब म्हणाले, "हनीफभाऊ, या नव्या इंजिनेर. याईले साइटवर फिरवा." तुम्ही वर पाहिलं आणि म्हणालात, "चप्पल बदला मॅडम. या चपलीनं तिसरा मजला नाही चढनार तुमी."

मला राग आला होता. तुम्हाला ते दिसलंही होतं, कारण दुसऱ्या दिवशी मी बूट घालून आले तेव्हा तुम्ही मुद्दाम बुटांकडे बघितलंच नाही.

पहिला आठवडाभर तुम्ही मला ड्रॉइंग उघडू दिलं नाही. मला तिसऱ्या मजल्यावर पाठवायचात, बादलीभर पाणी मोरीत ओतायला लावायचात, आणि मग मी धापा टाकत खाली पळत यायची, चेंबरमध्ये ते पाणी कधी येतं, कसं येतं ते बघायला. "आलं?" "आलं." "कसं आलं?" मी म्हणायची, कसं म्हणजे, पाणी आलं. "गुडगुड करत आलं का सरळ आलं? जा, आनखीन एक बादली टाक." चार वर्षं कॉलेजात शिकलेली मी, पाच दिवस जिने चढत-उतरत होते. खोलीवर जाऊन आईला, याडीला, फोन केला आणि म्हटलं, हा म्हातारा माझा जीव घेणार. याडी म्हणाली, मग परत ये, कापूस वेचायला माणसं पाहिजेतच. मी फोन ठेवला. सहाव्या दिवशी पाणी यायच्या आधी पाइपात हवा कशी उसासते, ते मला ऐकू आलं. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "आता उघड व तुहा कागद." त्या दिवसापासून 'तुमी'चं 'तू' झालं आणि मॅडमची बेटा झाली.

आणि तो कागद! माझं पहिलं ड्रॉइंग. चार इंची पाइप मी सरळ बीममधून नेला होता. साहेबांच्या टेबलावर ते गेलं असतं तर माझी शोभा झाली असती. तुम्ही ते बघून बराच वेळ दाढी खाजवत राहिलात. "बीम सरकवू शकतो बेटा, काही टेन्शन नाही. फक्त बिल्डिंग खाली येईन." मग खिशातला खडू काढून फरशीवर तुम्ही पाइपाचा दुसरा रस्ता काढून दिलात, मी तो कागदावर उतरवला, आणि तुम्ही पायाने खडू पुसून टाकलात. साहेबांना आजतागायत माहीत नाही. आमच्या तांड्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून देशभर फिरले म्हणे, असं तुम्ही एकदा म्हणालात, त्याईले कुठून रस्ता निघते ते बरोबर दिसे, तुले बीम नाही दिसला का व! मी हसले, पण ते मला लागलंही. मला लवकर लागतं, हे तुम्हाला माहीत होतं.

तुमचे काही नियम होते. ते कुठल्याच पुस्तकात नव्हते, म्हणून मला आधी त्यांचं हसू यायचं. मे महिन्यात सकाळी अकरानंतर पाइपाचा सांधा लावायचा नाही. पाइपाला चिकटवायचं सोल्युशन फासून तो एल्बोत, वळणाच्या तुकड्यात, सरकवेपर्यंत आपल्याकडच्या उन्हात सोल्युशन वाळतं, सांधा बाहेरून जुळतो आणि आतून कोरडा राहतो. दुसरा नियम काट्याचा. लाइनीत पाणी भरून, पंपाने दाब देऊन, गेजचा काटा कुठे आहे ते बघायचं आणि शेजारी भिंतीवर खडूने वेळ लिहायची. सकाळी सातला लिहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच वाचायचं. अधेमधे कितीही वेळा बघा, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी विचारलं होतं, काहून? तुम्ही म्हणालात, "ऊन खोटं बोलते बेटा." मी ते वाक्य त्या दिवशी हसत हसत मैत्रिणीला पाठवलं होतं.

मग मे महिना आला आणि माझ्या हातात वेळापत्रक आलं. पहिल्यांदाच साहेबांनी एक अख्खी लाइन माझ्या नावावर दिली होती. गच्चीवरच्या टाकीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या डक्टमधून, पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीतून, खाली येणारी पाण्याची लाइन. चाचणीवर सही माझी. टाइल्सवाला मिस्त्री तीन दिवसांनी भाचीच्या लग्नाला निघणार होता आणि त्याच्या आधी भिंत बंद व्हायला हवी होती. त्या दिवशी दुपारचा दीड वाजला होता. डक्टमध्ये उभं राहवत नव्हतं. आठ सांधे बाकी होते. तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी सहाला लावून देतो. मी म्हटलं, उद्या सकाळी दहाला मला टेस्ट लावायची आहे, आजच पाहिजेत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पोतं भिजवून आणलंत, थंडाव्यासाठी पाइपावर टाकलंत, आणि कामाला लागलात. मी खाली जाऊन उसाचा रस पिऊन आले. एवढ्या वयाच्या माणसाला मी दुपारी दीड वाजता त्या भट्टीत उभं केलं, हे लिहितानाही मला खुर्चीत बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दहा किलोचा दाब दिला. दुपारी चारला पाहिलं तर काटा दहावरच. सहा तास. फॉर्मात सहाच तास लिहिलेत, आणि काटा तसूभर हलला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी गेजचा फोटो काढला. तुम्ही मात्र गेजसमोर उकिडवे बसून राहिलात.

"काय झालं चाचा? काटा हलला का?"

"नाही ना हलला. तेच तं."

"मग?"

"अर्धी लाइन गच्चीवर उघडी हाये. सकाळपासून ऊन खाऊन राह्यली. पानी तापलं, फुगलं, तं काटा चढला पायजे होता. साडेदहा, अकरा दाखवाले पायजे होता. तो दहावरच हाये म्हंजे कुठं तरी पानी जाऊन राह्यलं बेटा. उद्या सकाळी दहाले पाहजो. मंग सही कर."

"उद्या टाइल्स लागायच्या आहेत."

"एक दिस थांबव."

"फॉर्ममध्ये सहा तास आहेत चाचा. सहा तास झाले."

"फारम कोनी लिवला? त्यानं यवतमाळचा मे पाह्यला का?" मग जरा हळू म्हणालात, "वरून तिसरा सांधा माह्या मनातून जाऊन नाही राह्यला."

आणि मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेलच. मला शब्द न् शब्द आठवतो. मी म्हटलं, "चाचा, तुमाले माह्या सहीचा त्रास होऊन राह्यला का? तुमाले सही करता येत नाही म्हणून?"

तुम्हाला सही करता येत होती, छान वळणदार यायची. पण चाचणीच्या कागदावर फिटरची सही चालत नाही. पुसद, दारव्हा, वणी, निम्म्या जिल्ह्यातल्या भिंतींत तुमच्या हातचे पाइप आहेत आणि त्यातल्या एकाही कागदावर तुमचं नाव नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बरोबर तिथे मारलं. तुम्ही पंपाची नळी गुंडाळलीत, पिशवीत ठेवलीत आणि म्हणालात, "कर सही. तुही लाइन हाये." आणि जिना उतरून गेलात.

चार दिवसांनी शेडमध्ये तुम्ही पुन्हा विषय काढलात. टाइल्स लागून वाळल्याही होत्या. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "बेटा, ते तिसऱ्या मजल्याचं एकदा पाहून घे." मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, पाहते. पाहिलं नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटेची नमाज पढून तुम्ही ओट्यावर बसलात, छातीत दुखतं म्हणालात, आणि सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. जनाजा निघाला तेव्हा मी आत बायकांमध्ये चाचीजवळ बसले होते. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि माझं सारं लक्ष एका पाइपात अडकलं होतं. माणूस गेलाय आणि ही पाइपाचा विचार करते, असं मनात येऊन मला स्वतःचीच शिसारी आली.

मग मला काही सुचेना. जेवताना, एसटी स्टँडवर, आंघोळ करताना, माझं आपलं एकच, तिसरा सांधा. हॉस्पिटलात दुसऱ्या कामाला गेले की मी त्या भिंतीला हात लावून यायची. कोरडी होती. कोरडी असणारच, टेस्टनंतर लाइन रिकामी केली होती. त्या भिंतीच्या पलीकडे नवजात बाळांना ठेवायची खोली आहे. त्यांना ऊब देणाऱ्या पेट्यांचा विजेचा बोर्ड त्याच भिंतीवर आहे. ते ड्रॉइंगमध्ये मीच दाखवलं होतं. पंधरवड्यात तिथे बायका बाळंत होणार होत्या.

या बुधवारी सकाळी सातला मी कोणाला न विचारता लाइन भरली. तुमचाच पंप. दहा किलो. भिंतीवर खडूने वेळ लिहिली. दिवसभरात मी गेजकडे पाच-सहा वेळा गेले असेन. दुपारी चारला काटा तेव्हाही पुन्हा दहाच्या आसपास होता, चाचा. मला क्षणभर वाटलं, बघा, चुकलात ना तुम्ही! अजूनही मला जिंकायचंच होतं. गुरुवारी सकाळी सातला काटा सातवर आला होता.

शुक्रवारी मी साहेबांना सांगितलं आणि आम्ही भिंत फोडली. मिस्त्री लग्नाहून परत आला होता. स्वतःच्या हाताने लावलेल्या टाइल्स फोडताना त्याने मला ऐकवायचं ते ऐकवलं. वरून तिसरा सांधा. आजूबाजूचं सिमेंट ओलं, पाइपाला घाम आल्यागत पाणी. पाइप कापला आणि सांध्यातून पिळून ओढला तर तो हातात निघून आला. अर्धं बोट आत सोल्युशनने पकडलं होतं, पुढे सगळं कोरडं. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? सांधा माझा नाही, हनीफचाचाच्या हातचा आहे. मला बरं वाटलं. एक पूर्ण श्वासभर मला बरं वाटलं. ते मी कोणालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे. मग दीड वाजल्याची ती दुपार आठवली, भिजवलेलं पोतं आठवलं.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे पाह्य, हॉस्पिटलवाल्या डॉक्टरले लेखी पायजे. सांधा हनीफभाऊचा, हे खरं हाये ना? तेवढंच लिव. गेलेल्या मानसाचं काय जाते? तू आपलं नाव टाकलं तं मले तुले टेस्टवरून काढा लागीन. दोन वर्षं तं कोनी तुले सहीले उभं नाही करनार. नवीन हायेस व तू, अन् त्यात पोट्टी. लोक बहाना पाहूनच राह्यले." त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सांधा तुमचाच होता. तेवढंच लिहिलं तर ते खरंच ठरलं असतं, म्हणून तर मी काल दिवसभर येरझाऱ्या घातल्या.

आज सकाळी फॉर्म भरायला घेतला आणि लक्षात आलं, मला तुमचं पूर्ण नाव माहीत नाही. सहा-सात महिने तुमच्या डब्यातली भाकर खाल्ली, आणि नाव हनीफचाचा, बस. म्हणून चाचीकडे गेले. चाची नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत. आतल्या खोलीत खाली बसून डाळ निवडत होत्या. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. कशाला पाहिजे, असं त्यांनी विचारलं नाही. मग मीच सगळं सांगून टाकलं. सांधा, सही, आणि ते वाक्यही. रडत रडत नाही, धाडधाड सांगितलं, कारण थांबले असते तर उठून पळाले असते.

चाची ताटातली डाळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मालूम हाय मले. रोज रातच्याले जेवताना सांगत. म्हनत, सांधा माह्या हातचा बिघडला, माह्या हाताले तवाच कळलं. मी म्हटलं, मंग सायबाले जाऊन सांगा ना. तं म्हने, सायबाले सांगतलं का पयले पोरीचं नाव येते, तिचीच सही हाये. ते खुद भिंत उघडन. जिद्दी हाये, पन उघडन." डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "बेटी, रोज येऊन म्हनत, आज नाही उघडलं तिनं. उद्या उघडन."

चाचा, हे ऐकल्यापासून मी तुमच्यावर चिडले आहे. खरंच चिडले आहे. असं कोणी करतं का? तुम्ही साहेबांकडे जायला हवं होतं. मला शेडमध्ये सगळ्यांसमोर झापायला हवं होतं. भिंतीच्या त्या बाजूला लेकरं ठेवायची होती आणि तुम्ही माझी अब्रू सांभाळत बसलात? मी उघडलं नसतं तर? मी तशी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मलाच माहीत नव्हतं. तुमची ही चूक होती, आणि ती सांध्याच्या चुकीहून मोठी होती. आता द्या ना उत्तर. "बेटा, तू फार बोलते" असं तरी म्हणा.

आणि तरी, चाचा, कोणी माझी अशी वाट पाहिली नव्हती. घरच्यांनी नाही, कॉलेजात नाही. मी चुकीच्या बाजूला ठाम उभी असताना, ही स्वतः होऊन वळेल, असं धरून रोज घरी जाऊन जेवणारा माणूस मला पुन्हा भेटणार नाही. त्याचे आभार मानायला शब्द नाहीत असं लोक लिहितात. मला शब्द आहेत, पण ते ऐकवायला तुम्ही नाहीत.

तुमच्या घरून परत आल्यावर मी फॉर्म पूर्ण केला. दोषाचे कारण: वरून तिसरा सांधा अपुरा बसलेला. हा सांधा तुमच्या हातचा, ते मी लिहिलं. लपवलं असतं तर तुम्ही मला उभं केलं नसतं. सांधा दुपारी दीड वाजता लावला, माझ्या सांगण्यावरून. चाचणी सकाळी दहाला सुरू करून त्याच दुपारी चारला वाचली, मी. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव, बापूंच्या नावासकट, आणि खाली सही. सही कधी नव्हे इतकी स्वच्छ आली.

मग पुढे काय लिहायचं होतं त्याला फॉर्मात जागाच नव्हती. चाचणीला कोणी हरकत घेतली होती का, हे हा कागद विचारतच नाही. मी पट्टी घेतली, सहीच्या खाली एक रकाना आखला, वर 'हरकत' असं लिहिलं, आणि त्यात भरलं:

शेख हनीफ शेख रहमान, फिटर. दोन वेळा हरकत घेतली. दोन्ही वेळा बरोबर.